बाकावरचा फोर पॉइंट झीरो

आमच्या देवांगला एका मोठ्या कॉलेजच्या सॉकर टीमनं निवडलं, ही बातमी वेस्ट विंडसरमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत मी स्वतः फोन करून पोचवली. जे फोनवर सापडले नाहीत त्यांना मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत गाठलं. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पोराला का निवडलंय हे तोवर मला कळलेलं होतं. ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

देवांग तेव्हा सतरा वर्षांचा. इथल्या क्लबमध्ये नऊ वर्षं खेळतोय. खेळतोय म्हणजे बाकावर बसतोय. टीम तीन गोलनं पुढे असली तर शेवटची दहा मिनिटं त्याला आत सोडायचे. त्याच टीममध्ये एडिसनच्या गुरुनाथचा मुलगा, परीक्षित. तो पायात चेंडू आला की थांबत नाही आणि हातात पुस्तक आलं की पहिल्या पानापुढे सरकत नाही. न्यू इंग्लंडमधल्या त्या कॉलेजचे कोच डफी आले होते ते परीक्षितला बघायला. त्यानं तीन गोल मारले. मॅच संपल्यावर डफी मैदानाकडे न जाता बाकाकडे गेले आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मार्क किती?" देवांगनं फोनवर मार्कशीट काढून दाखवली. चारपैकी चार. नववीपासून प्रत्येक विषयात ए. म्हणे डफींनी चष्मा काढला, पुसला आणि ती मार्कशीट पुन्हा पहिल्यापासून वाचली.

हे मला देवांगनंच सांगितलं, कारण मी तेव्हा पार्किंगमध्ये गाडीत बसून बंगळूरच्या टीमबरोबर कॉलवर होतो. नऊ वर्षांत मी त्याची एकही प्रॅक्टिस चुकू दिली नाही. गाडी नेहमी सावलीत लावायचो, तिथे नेटवर्कही चांगलं यायचं.

पुढच्या रविवारी डफी आमच्या घरी आले. वीणानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बटाटेवडे केले होते. डफींनी चार वडे खाल्ले आणि पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. त्यांच्या कॉलेजचा नियम असा, की टीमसाठी घेतलेल्या मुलांच्या मार्कांची सरासरी तीन पॉइंट चारच्या खाली जाता कामा नये. यंदा दोनच जागा उरलेल्या. परीक्षितचे दोन पॉइंट नऊ. देवांगचे चार. दोघांची सरासरी तीन पॉइंट पंचेचाळीस. "ब्यूटिफुल," असं म्हणून त्यांनी नॅपकिनची घडी घालून खिशात ठेवली.

"मग देवांग खेळणार कधी?" वीणानं विचारलं.

डफी जरा दचकलेच. खेळणार कशाला, म्हणाले. डोक्याला चेंडू लागला आणि मार्क घसरले तर? त्याला जर्सी मिळेल, ट्रॅकसूट मिळेल, टीमच्या फोटोत तो पहिल्या रांगेत बसेल. फक्त मैदानात उतरणार नाही. मग त्यांनी काळजीनं विचारलं, "हा सायकल चालवताना हेल्मेट घालतो ना?"

"कोच," देवांग म्हणाला, "इन फोर इयर्स, हाऊ मेनी मिनिट्स?"

"झीरो," डफी प्रेमानं म्हणाले. "पण आमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची झीरो मिनिटं."

देवांगनं माझ्याकडे बघितलं. त्याला काय हवं होतं ते मला दिसत होतं, आंधळा नव्हतो मी. मुलाला खेळायचं होतं, बस्स. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या कॉलेजचं नाव नाचत होतं. "अरे, अ‍ॅडमिशन मिळतेय ना!" मी म्हणालो. "खेळ काय, कुठेही खेळता येतो." तो उठून वर गेला.

दुसऱ्या दिवसापासून गुरुनाथनं आमच्या घराचा ताबा घेतला. हा मूळचा नागपूरचा, आवाज मोठा, जीव त्याहून मोठा. येताना संत्रा बर्फी घेऊन आला आणि जाताना गॅरेजमधला चेंडू घेऊन गेला. "यार संजीव, हा घरात कशाला पाहिजे? पोराचं लक्ष जातं." मग रोज संध्याकाळी फोन. "देवांगचं कॅल्क्युलस झालं का? काय खाल्लं? झोपला किती वाजता?" पोराला सर्दी झाली तर तो एडिसनहून काढ्याचा थर्मास घेऊन यायचा. शनिवारी मॅचला देवांगच्या डोक्यावर छत्री धरून बाकामागे उभा राहायचा. क्लबच्या कोचनं एकदा देवांगला आत जायला सांगितलं तर हा आडवा आला. "नो नो, सर! ही हॅज केमिस्ट्री ऑन मंडे!"

परीक्षितचीही तऱ्हा तीच. गोल मारला की बाकीची पोरं एकमेकांना मिठ्या मारायची, हा धावत बाकाकडे यायचा आणि विचारायचा, "ड्यूड, हाऊ वॉज द हिस्ट्री टेस्ट?" देवांगचं दप्तर तोच उचलायचा. ऑक्टोबरात त्याचे मार्क दोन पॉइंट आठवर आले, तेव्हा तर दोन्ही घरांत सुतक असल्यासारखी शांतता पसरली. सरासरी आता बरोब्बर तीन पॉइंट चार. म्हणजे देवांगला एक बी मिळाला की खेळ खलास. गुरुनाथनं आपल्या पोराला अभ्यासाला बसवावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं देवांगसाठी दुसरी शिकवणी लावली.

आणि मी? मी खूश होतो. नाकासमोर चालणारा मुलगा, नामांकित कॉलेज, वर फुकटचा ट्रॅकसूट. देवांग संध्याकाळी गॅरेजच्या दाराशी मोज्यांचा बोळा करून लाथा मारत बसायचा. मी वरून ओरडायचो, "दाराचा रंग जाईल!"

नोव्हेंबरात शाळेत सह्यांचा समारंभ झाला. इथे ही एक पद्धतच आहे. लायब्ररीत टेबलं मांडतात, त्यावर कॉलेजच्या टोप्या ठेवतात, केक कापतात आणि खेळाडू सगळ्यांसमोर कॉलेजच्या कागदावर सही करतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर आईबापांपैकी एकाची सही लागते. मी खास नवा ब्लेझर घातला होता. गुरुनाथ व्हिडिओ काढत होता.

परीक्षितचा कागद आधी झाला. नाव, उंची, जागा: फॉरवर्ड. टाळ्या. मग देवांगचा. त्यात जागेचा रकाना कोरा होता. डफींनी आपलं पेन माझ्या हातात दिलं आणि सहज म्हणाले, "सर, तुम्हीच भरा. कुठे खेळतो हा?"

मी पेन कागदावर टेकवलं. मुलाचे सहावीतले स्पेलिंगचे मार्क मला पाठ होते, अठ्ठ्याण्णव. दुसरीत गणितात एक मार्क कुठे गेला तेही सांगू शकलो असतो. पण तो खेळतो कुठे? पुढे? मागे? वीणाकडे बघितलं तर ती केककडे बघत होती. "साइडला," मी म्हणालो. "साइडला कुठेतरी."

"लेफ्ट बॅक, बाबा," देवांग म्हणाला. "सिन्स आय वॉज एट."

चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला रस्ता सांगावा तसं सांगितलं. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

"तुला करायचीय का सही?" मी मराठीत विचारलं.

"नो," तो हळूच म्हणाला. "बट यू टोल्ड एव्हरीवन."

मी पेनाला टोपण लावलं आणि डफींच्या हातात परत दिलं. "माझा मुलगा लेफ्ट बॅक आहे," मी म्हणालो, लायब्ररीत बोलू नये इतक्या मोठ्यानं. "खेळवणार असाल तर सही करतो. नुसतं बसायला त्याला घरी सोफा आहे."

"संजीव!" गुरुनाथ मोबाईल खाली करायचं विसरून ओरडला. "अरे, माझ्या पोराचं काय?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सही मी केली नाही.

परीक्षितचं नुकसान झालं नाही, हे आधी सांगून टाकतो. डफींना दोन तासांत शॉमबर्गचा एक मुलगा मिळाला. फोर पॉइंट झीरो, बुद्धिबळ खेळणारा, जन्मात चेंडूला पाय न लावलेला. डफी म्हणे फारच आनंदले, कारण याला खेळायची इच्छाही नव्हती. गुरुनाथ मात्र आमच्याशी बोलत नाही.

देवांग पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात गेला. ते नाव मी कुणाला फोन करून सांगितलं नाही, सांगितलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तिथल्या टीममध्ये तो चाचणी देऊन शिरला. सगळ्यात शेवटचा.

परवा ऑक्टोबरातल्या शनिवारी मी दोन तास गाडी चालवून मॅचला गेलो. मैदानाच्या कडेला दोरीला चिकटून उभा राहिलो. एक-एक बरोबरी. आठ मिनिटं उरलेली असताना आमच्या लेफ्ट बॅकच्या पोटरीत गोळा आला, आणि देवांग आत गेला. पहिली दोन मिनिटं त्याला चेंडू मिळालाच नाही. मग मिळाला. कुणाला द्यावा म्हणून त्यानं मान वर केली, तेवढ्यात समोरच्या पोरानं तो पायातून काढून नेला आणि सरळ गोल केला. आम्ही हरलो.

शेजारच्या बाई चिडून विचारत होत्या, हा बावीस नंबर कोण. मी हात वर करून सांगितलं, माझा मुलगा.

देवांग चिखलानं भरलेला, मान खाली घालून माझ्याकडे आला. "बाबा, आय लॉस्ट अस द गेम."

"हो," मी म्हणालो. "तुझ्यामुळेच हरलो. मी सगळं बघितलं."