धुळीपासून जपलेलं मशीन

"मान जरा वर करा, रघुभाऊ. हं, आता हलू नका," असं म्हणत मालिनीबाईंनी चिमट्याने ती छोटी प्लॅस्टिकची डबी रघुच्या कॉलरला लावली, नाकापासून वीतभर अंतरावर. डबीची नळी पाठीवरून कमरेच्या पट्ट्यापर्यंत नेली आणि पट्ट्याला अडकवलेल्या पंपाचं बटण दाबलं. पंप मांजरासारखा गुरगुरायला लागला. रघु खाली बघून हसला. ओतकारखान्याच्या अंगणात त्याच्याभोवती बारा विद्यार्थी डॉक्टर वह्या उघडून उभे होते.

"साडेतीनपर्यंत, म्हणजे जेवायची सुट्टी सोडून अख्खी शिफ्ट, हे अंगावर राहिलं पाहिजे," मालिनीबाईंनी डॉक्टरांना सांगितलं. "रघुभाऊ जी हवा घेतील तीच हा पंप ओढणार. त्यातली धूळ डबीतल्या गाळणकागदावर बसणार. उद्या सकाळी कागदाचं वजन केलं की यांच्या छातीत दिवसाला काय जातं त्याचा हिशेब लागतो." मग रघुकडे वळून म्हणाल्या, "मशीन नाजूक आहे हो. धुळीपासून जपा."

जेवायच्या सुट्टीत काढून ठेवाल तेव्हा जपा, असं त्यांच्या मनात होतं. पण ते मनातच राहिलं, कारण तेवढ्यात फोन वाजला. अवधूत सरांनी ताबडतोब ऑफिसात बोलावलं होतं. उद्या अभ्यासक्रमाची तपासणी करायला समिती येणार, फायली पूर्ण नाहीत.

मालिनीबाई डॉक्टर नव्हत्या. उल्हासनगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी. एस्सी. झाल्या आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटल्या. पुढे अंबरनाथ पूर्वेला औद्योगिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा पंप आणि तराजू सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून तिथे आल्या. त्याला चोवीस वर्षं झाली. एम.बी.बी.एस. होऊन आलेली पोरं पहिल्या आठवड्यात त्यांना 'पंपवाल्या बाई' म्हणत आणि वर्ष संपता संपता त्यांच्याशिवाय एकाचंही पान हलत नसे. माणूस कारखान्यात उभा कुठे राहतो, वाकतो किती, जेवायच्या आधी हात कुठे धुतो, हे बघायला त्यांनी तीनेकशे डॉक्टरांना शिकवलं होतं. बाई तशा तोंडाने फटकळ. "स्टेथोस्कोप नंतर लावा, आधी डोळे लावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

नवे विभागप्रमुख अवधूत सर माणूस वाईट नव्हता. हुशार होता, नियमाचा पक्का होता, एवढंच. ऑफिसात त्यांनी बाईंपुढे यादी सरकवली. पहिल्या पानावर 'अध्यापक वर्ग', त्यात सहा नावं, सगळी एम.डी. बाईंचं नाव दुसऱ्या पानावर, 'सहाय्यक कर्मचारी' या मथळ्यात, शिपायाच्या वरती.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका," सर म्हणाले. "पदव्युत्तर वर्गाला शिकवणारा पदव्युत्तर हवा. पंपांचं काम तुमच्याकडेच राहील. फक्त कारखान्याची फेरी आपण आता व्हिडिओवर दाखवू. वेळ वाचतो."

"फेरी बंद?"

"उद्याची शेवटची. समितीने यादी मान्य केली की नवीन टर्मपासून."

मालिनीबाईंनी फायलींवर सह्या केल्या. संध्याकाळी पूल ओलांडून पश्चिमेला घरी जाताना मात्र त्यांना रडू आलं. चोवीस वर्षं आपण काय केलं, तराजू पुसला? भाजीवालीने नेहमीसारखं "काय देऊ मॅडम?" विचारलं, तर या काही न घेताच पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोरिवलीच्या त्या ओतकारखान्यातल्या कँटीनमध्ये समिती बसली. तिघे जण होते. अध्यक्ष डॉक्टर वैदेही, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला अगदी कमी. कारखान्याचे मालक हरेशशेठ स्वतः चहा पुढे करत होते. भिंतीला टेकून रघु उभा होता, कामावरून तसाच बोलावलेला. त्याचं काम साचे फोडायचं. लोखंडाचा रस ओतून थंड झालेले वाळूचे साचे हातोड्याने फोडायचे आणि आतला माल बाहेर काढायचा. सतरा वर्षं तो हेच करत होता.

हिमानी नावाची विद्यार्थिनी उठली. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत. तिने आकडे मांडले. शिफ्ट इतक्या तासांची, हवा इतकी लिटर, कागदाचं वजन आधीचं, नंतरचं. "धुळीचं प्रमाण कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी आलं आहे," ती म्हणाली. "म्हणजे ही जागा सुरक्षित आहे."

"मी काय बोलत होतो, साईं," हरेशशेठ आपल्या सिंधी ढंगात खुलले. "रिपोर्ट एकदम साफ. ते धूळ खेचायचे पंखे बसवायचे म्हणतात लोक, आता कशाला? खर्चाला खर्च."

अवधूत सरांनी समाधानाने मान हलवली. गणित बिनचूक होतं, मांडणी सुरेख होती. समितीतला एक जण "व्हेरी गुड" म्हणालासुद्धा.

मालिनीबाईंनी हिमानीसमोरच्या काचेच्या बशीतला तो गाळणकागद उचलून बघितला. पांढराशुभ्र. दुकानातून आत्ता आणल्यासारखा. मग त्यांनी रघुकडे बघितलं. आज कामाला लागून त्याला दोन तास झाले नसतील, तरी त्याच्या पापण्या राखाडी झाल्या होत्या. नाकपुड्यांच्या कडा काळ्या होत्या.

काल दर तासाला जाऊन बघायला हवं होतं. चोवीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं, आणि काल त्या फायलींवर सह्या करत बसल्या होत्या. डॉक्टर मंडळी दिवसभर इथे कँटीनमध्ये कामगारांच्या छात्या तपासत होती. म्हणजे पंपाकडे बघायला कुणीही नव्हतं. आता विचारायला जावं तर हात दाखवून अवलक्षण. फेरी आपली, पंप आपण लावलेला, चूक निघाली तर आपल्याच पदरात, तीही समितीसमोर. गप्प बसावं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे खूश होते. अवधूत सर, शेठ, समिती, सगळे.

"थांब, हिमानी," मालिनीबाई म्हणाल्या. "हा आकडा खोटा आहे."

हिमानीचा चेहरा पडला. "मॅडम, मी तीनदा वजन केलंय."

"वजन बरोबर आहे गं. तुझं काही चुकलेलं नाही. या माणसाकडे बघ आणि या कागदाकडे बघ. दोन्ही एकाच जागी होते असं वाटतं तुला?"

अवधूत सर हळूच म्हणाले, "मॅडम, हे आपण नंतर…"

"नंतर नाही, सर. आत्ताच." त्या रघुजवळ गेल्या. "रघुभाऊ, काल मशीन कुठे होतं? खरं सांगा. कोणी रागावणार नाही."

"आंगावरच व्हता की बाय," रघु गोंधळून म्हणाला. "तुमीच बोल्लाव ना, नाजूक हाय, धुलीपासून जपा. मंग मी डबीला पिशवी बांदली. दुधाची, धुवून घेतली व्हती. एक कन जाव दिला नाय आत. सुटताना पिशवी काडून, पुसून दिला या बायच्या हातात." त्याने हिमानीकडे बोट केलं.

एक डॉक्टर फिसकन हसला. हसू पसरणार तेवढ्यात मालिनीबाई बोलल्या.

"हसू नका. यांनी सांगितलं तसं केलं. चूक माझी आहे. जेवणाच्या सुट्टीत जपा, हे सांगायचं सोडून मी नुसतंच जपा म्हणाले, आणि निघून गेले. लिहून घ्या सगळ्यांनी. मापन करणाऱ्या बाईच्या एका अर्ध्या वाक्याने मापन खोटं ठरलं. उद्या तुम्ही कुठल्यातरी कंपनीत डॉक्टर व्हाल. तुमच्या टेबलावर असेच साफ आकडे येतील आणि त्यांवर तुमची सही होईल. आकडा आवडला, की आधी उठायचं आणि माणसाकडे जायचं. मशीन कुठे होतं ते विचारायचं. तुम्हीच त्याला काय सांगितलं होतं, तेही विचारायचं." त्यांनी कागद परत बशीत ठेवला. "आपण मशीनला धुळीपासून जपायला सांगितलं. रघुभाऊंना जपा, असं गेल्या सतरा वर्षांत इथे कोणी कोणाला सांगितलं का?"

बारा डॉक्टर खाली माना घालून लिहीत होते. हरेशशेठनी हातातला कप बाजूला ठेवला.

डॉक्टर वैदेहींनी चष्मा लावून यादी उघडली. "डॉक्टर अवधूत, या बाई तुमच्या यादीत कुठे आहेत?"

"सहाय्यक कर्मचारी, मॅडम. पान दोन."

"बरं. मग आत्ता हे शिकवत होतं ते कोण?"

अवधूत सरांनी यादी मागून घेतली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, दुसऱ्या पानावरचं नाव खोडलं आणि पहिल्या पानावर, सहा नावांच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं. समोरच्या रकान्यात 'कारखाना फेरी' असंही लिहिलं. यादी वैदेहींकडे देताना ते बाईंना म्हणाले, "काल मी फोन करायला नको होता, मॅडम." मालिनीबाईंनी मान हलवली. बोलल्या असत्या तर तिथेच रडल्या असत्या, आणि ते त्यांना समितीसमोर नको होतं.

गुरुवारी पंप पुन्हा लागला. या वेळी बारा डॉक्टरांनी तासातासाने पहारा दिला, अवधूत सरांनीही एक तास दिला आणि शर्टाची पार माती करून घेतली. शुक्रवारी वजन झालं. मर्यादेच्या चौपट. हिमानीने आकडा फळ्यावर लिहिला आणि मालिनीबाईंकडे बघितलं. "मॅडम, आता?"

"आता ज्याचा आहे त्याला दाखवायचा."

सगळे मोरिवलीला गेले. मालिनीबाईंनी काचेची बशी रघुच्या हातात दिली. मधोमध तो कागद होता, चुलीतल्या राखेसारखा काळपट.

"ह्यो एका दिसाचा?" रघुने विचारलं.

"एका शिफ्टचा."

रघु बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि मध्येच थांबला. खोटा धीर द्यायचा मालिनीबाईंचा स्वभाव नव्हता. "सोमवारी छातीचा फोटो काढू," त्या म्हणाल्या. "मी स्वतः येते बरोबर."

"काढू बाय. पन आदी ह्यो शेठला दावतो." रघुने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं, बशी दोन्ही हातांत धरली आणि अंगण ओलांडून मालकाच्या केबिनकडे चालायला लागला. हिमानी त्याच्या मागे निघाली, मग बाकीचे अकरा डॉक्टर, मग अवधूत सर. मालिनीबाई सगळ्यांच्या शेवटी होत्या. केबिनचं दार लोटलेलं होतं. रघुने टकटक केलं, "शेठ, आत येतो," म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.