साळूच्या बोंडल्याचा हेवा

जळकुटं कुणाला म्हणतात ते बघायचं असेल, मित्रांनो, तर माझ्याकडे बघा. मी तान्ह्या लेकरांना दूध पाजायचं जुनं पितळी बोंडलं आहे. पोट वाटीएवढं, चोच पुढे काढलेली, आतून कल्हई. निजामाचं राज्य होतं तेव्हा दुर्गाबाईंनी मला जुन्या जालन्यातल्या कासाराकडून पारखून घेतलं आणि जाफराबादजवळच्या आपल्या गावी नेलं. त्यांची चार लेकरं माझ्या चोचीने घुटी प्यायली. "या बोंडल्यानं माझं घर वाढलं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, आणि मी कोनाड्यात बसून फुगायचे.

पुढे धाकट्या कडूबाचं लग्न झालं. सून सगुणाबाईला मुलगी झाली, साळू. मला चिंच लावून घासलं तेव्हा वाटलं, आले पुन्हा माझे दिवस. कसलं काय! साळू आईच्या अंगावर पीत होती. पदराखालून तिचा चुटूचुटू आवाज आला की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण साळूच्या पोटात दूध ठरेना. प्यायली की तिला पाळण्यात आडवी करायचे, की लगेच गुळणी बाहेर. मग पाठीची कमान करून ती अशी रडायची की ऐकवत नसे. दोन महिने झाले तेव्हा दुर्गाबाई सुनेला म्हणाल्या, "तुझं दूधच बाधून राह्यलं लेकराला. उद्यापासून अंगावर पाजू नको. शेळीचं दूध बोंडल्यानं पाजू."

सगुणाबाईने पदर तोंडात धरला. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुर्गाबाई पाय पसरून त्यावर साळूला उताणी घ्यायच्या. मीही घटाघटा ओतलं. तिने श्वास घ्यायच्या आत पुढची धार! मग सगळंच उलटून बाहेर, नाकातूनसुद्धा. तीन दिवसांत पोर कोमेजली. तिकडे सगुणाबाईचं दूध दाटलं, अंगात कणकण आली. तरी मी आपलं म्हणत होते, दोष त्या शेळीचा.

चौथ्या दिवशी कडूबाने गाडी जुंपली आणि नवराबायको साळूला घेऊन भोकरदनच्या वैद्यांकडे निघाली. मी पिशवीत होते. वेस मागे पडली तशी सगुणाबाई म्हणाली, "आवं, आत्याबाई न्हाईत इथं. पाजू का मी?"

"मंग पाज की. मला काय इचारतीस?"

साळू पोटभर प्यायली. गाडीला हिसके बसत होते, म्हणून कडूबाने कासरा बायकोच्या हाती दिला, लेकीला खांद्यावर उभी घेतली आणि बैलांच्या बाजूने चालू लागला. घरी त्याने तिला एकदाही उचललं नव्हतं. आईबापांसमोर स्वतःचं मूल उचलायचं म्हणजे लाज सोडली, अशी तेव्हाची रीत. साळूने मोठ्ठा ढेकर दिला, बापाच्या मानेला गाल टेकवला आणि झोपली. ना गुळणी, ना रडणं. अगंबाई, तो खांदा मला काय सलला म्हणून सांगू! घामट, धुळीने माखलेला, ना घाट ना कल्हई. माझ्यापेक्षा त्याच्यात असं काय होतं?

वैद्य मार्तंडबुवांनी साळूची जीभ पाहिली, पोट चाचपलं. ती त्यांच्याकडे बघून चक्क हसली. मग सगुणाबाईने घरचं आणि वाटेवरचं सगळं सांगितलं.

"हे ठेवा फळीवर," बुवा मला उचलून म्हणाले. "आईचं दूध बिलकुल चांगलं आहे. थोडं थोडं पाजा, आणि पाजल्यावर घटकाभर असंच उभं धरा. मग निजवा."

फळीवर! मला!

परत आलो तेव्हा कडूबाचे वडील रखमाजी ओट्यावर बसले होते. सगुणाबाईने आत जाऊन साळूला पाजलं, पण अंगात ताप, तिला लेकीला उभं धरून ठेवणं झेपेना. ती उंबऱ्यापाशी येऊन नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

"आण, पाळण्यात टाकते," दुर्गाबाई म्हणाल्या.

कडूबा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता हा मान खाली घालून गोठ्यात जाणार, आणि उद्या पुन्हा मीच. देवाशपथ, मी त्याचीच वाट बघत होते. पण त्याने हात पुढे केले आणि लेकीला खांद्यावर घेतलं.

"कडूबा! बापासमोर?" दुर्गाबाई ओरडल्या.

रखमाजी उठले. त्यांनी स्वतःचं उपरणं झटकलं, मुलाच्या खांद्यावर, साळूच्या तोंडाखाली नीट पसरलं. "सदरा खराब व्हईन," एवढंच बोलून ते पुन्हा बसले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू बी असाच ओकायचा. म्या न्हाई घेतलं कधी."

दुर्गाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि फळीवर ठेवलं. साळूने ढेकर दिला.

त्या दिवसापासून मी फळीवर आहे. माझी कल्हई उडाली, चोच वाकली. मित्रांनो, बाळ दूध ओकतं म्हणून त्याच्या आईला बोल लावू नका. जो मोकळा असेल त्याने लाज न धरता बाळाला घटकाभर उभं धरावं. एवढं मी सांगते, पण माझा हेवा काही गेला नाही. कधी फळी पुसायला आलात, तर मलाही क्षणभर खांद्याशी धरा. त्यात काय होतं, ते मला अजून कळायचंय.