एकमताने मंजूर

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, सुकलेल्या शाईच्या गादीशेजारी पडलेला मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी हकिगत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत : 'एकमताने मंजूर'.

मला घडवले एका जुळाऱ्याने. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणे हे त्याचे काम. तो एका मार्क्सवादी पक्षाच्या शाखेचा वीस वर्षांचा सभासद होता. शाखेचा चिटणीस म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सभेत दोघे एकमेकांना कॉम्रेड म्हणत. जिना उतरले की भाऊजी आणि मेहुणे. प्रत्येक ठरावाखाली तेच दोन शब्द लिहून चिटणिसाची बोटे दुखत, म्हणून जुळाऱ्याने मला करून दिले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. वाचनालय उघडायचे, संपाला पाठिंबा द्यायचा, गळके छप्पर दुरुस्त करायचे. ठराव झाला की मी इतिवृत्ताच्या वहीत उमटे. "काय सुबक अक्षर आहे!" असे कुणी म्हटले की मी फुगून जाई. पण माझ्यामुळे एक सवय सुटली. पूर्वी चिटणीस आधी "बाजूने कोण?" विचारी आणि मग "विरोधात कोण?" मी आल्यावर दुसरा प्रश्न मागे पडला. कुणाच्या ते ध्यानातही आले नाही.

पुढे निवडणूक आली. सत्ताधाऱ्यांशी हातमिळवणी करावी, असे वरच्या समितीने ठरवले. जुळाऱ्याला ते पटले नाही. त्याने स्वतःच एक पत्रक जुळवून, छापून वाटले. शाखेच्या सभेत त्याच्यावर गटबाजीचा आरोप झाला.

"गटाला निदान दोन माणसं लागतात, कॉम्रेड," जुळारी म्हणाला. "मी तर एकटाच आहे."

"पत्रक ताईनं वाचलं ना?" चिटणीस म्हणाला. "मग झाले की दोन."

सगळे हसले. जुळारीही हसला.

मग हकालपट्टीचा ठराव आला. "बाजूने कोण?" दहा हात वर झाले. बाकांवर माणसे अकरा होती. चिटणिसाने मला गादीवर दाबले.

"थांबा, मेहुणे!" घाईत जुळारी कॉम्रेड म्हणायला विसरला. "काढायचं तर काढा. पण एक मत विरोधात, एवढं लिहा."

"बहुमत झालं की तेच सगळ्यांचं मत. शिस्त म्हणतात तिला, भाऊजी."

"अहो, पण मी इथे बसलोय ना!"

मी उमटलो. शिक्क्याला थांबता येत नाही.

जुळाऱ्याने वरच्या समितीकडे दाद मागितली. त्याला परत यायचे होते. त्या खोलीबाहेर त्याला दुसरे गणगोत नव्हते. महिन्याभराने उत्तर आले. 'ठराव एकमताने झालेला आहे. हजर सभासदांत आपलेही नाव आहे. अर्थात आपण स्वतःच आपल्या हकालपट्टीस संमती दिलेली आहे. सबब अर्ज फेटाळला जात आहे.'

ते पत्र घेऊन ताई भावाकडे आली.

"अरे, स्वतःला हाकलायला कुणी हात वर करतं का? तू तिथेच होतास. तेवढं एका ओळीत लिहून दे."

"ताई, ती ओळ लिहिली की मागचे सगळे शिक्के खोटे ठरतील गं."

"मग ठरू देत."

त्याने पेन उघडले. मग टोपण परत लावले. निघताना ताई नेहमी "येते" म्हणे. त्या दिवशी ती "जाते" म्हणाली.

जुळारी पुन्हा जिना चढला नाही. पुढे शाखेचीच दोन शकले झाली, आणि दोन्ही शकलांना माझी गरज उरली नाही. रबर कडक झाले, 'मंजूर'वरचा अनुस्वार तुटला. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मला पुसून, जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. उद्या तुम्हीही कुठल्यातरी सभेत टेबलामागे बसाल. तेव्हा "विरोधात कोण?" असे जरूर विचारा. आणि विचारल्यावर थोडे थांबा. एकट्या माणसाचा हात वर यायला वेळ लागतो.