वीस वर्षं टिकणारं तळं

फोटो आला तेव्हा दीक्षा वडिलांच्या गुडघ्याची पट्टी बदलत होती. जून संपत आला तरी नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता. सकाळी नऊलाच कूलर नुसती गरम हवा फेकत होता.

तिनं एका हातानं फोन उघडला. चिखलाचं लांबलचक मैदान, मधे मधे डबकी, आणि कडेला तिरका पडलेला एक नारिंगी तराफा. कुणीतरी भलताच फोटो पाठवला असं तिला वाटलं. मग तिनं तो मोठा करून पाहिला. तराफ्यावर पांढऱ्या रंगात सातचा आकडा होता. तो तिनंच रंगवला होता.

त्या तराफ्याखाली चार मीटर पाणी असायला हवं होतं.

"थांबली काहून वं?" भैय्याजींनी विचारलं.

दीक्षाच्या हातातली पट्टीची गुंडाळी सुटून पलंगाखाली गेली.

"बाबा, तळं गेलं."

"कोणतं तळं?"

"माझं."

भैय्याजी गोंडाणे कन्हानच्या कोळसा खाणीत तीस वर्षं फिटर होते. त्यांची ही मुलगी नागपुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झाली, शिष्यवृत्तीवर कॅनडाला गेली आणि तिथल्या पार उत्तरेला, जिथं झाडं संपतात आणि पायाखालची जमीन बारा महिने गोठलेली असते, तिथं जाऊन पोचली. ती जमीन आता वितळू लागली होती. त्यामुळं तिथल्या तळ्यांचं, शेवाळाचं, माशांचं आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांचं काय होतं, हा तिचा अभ्यास. अकरा उन्हाळे तिनं एकाच तळ्यावर काढले होते. तळ्याकाठी दोनशे वस्तीचं गाव होतं आणि सगळं गाव त्याच तळ्याचं पाणी पीत होतं. दर जूनमध्ये ती तिथं असायची. या वर्षी वडिलांचं ऑपरेशन निघालं म्हणून ती पहिल्यांदाच नागपुरात होती.

तिनं मार्थाला फोन लावला. मार्था त्या गावची पाणीपुरवठ्याची प्रमुख. वयानं दहा वर्षांनी मोठी, पण दोघींची मैत्री जुनी.

"किती वेळात गेलं?" दीक्षानं विचारलं.

"सोळा तासांत. सकाळी काठावरून बोटभर ओहोळ वाहत होता. दुपारी त्याचा नाला झाला. मग काठच कोसळला. आवाज गावापर्यंत येत होता."

"माणसं?"

"सगळी ठीक आहेत. दोन बोटी गेल्या, जाळी गेली. टाकीत सहा दिवसांचं पाणी आहे."

"कुठला काठ फुटला?"

"पश्चिमेचा."

"पश्चिमेचा?" दीक्षानं पुन्हा विचारलं.

चार वर्षांपूर्वी गावासमोर प्रश्न होता. पाण्याची पाइपलाइन दुसऱ्या, लांबच्या तळ्यावर न्यायची का? सरकार मदत द्यायला तयार होतं. गावानं दीक्षाला विचारलं. तिनं पूर्वेच्या आणि उत्तरेच्या काठात खोल भोकं पाडून तापमापक बसवले होते. आकडे चांगले होते, काठ आतून घट्ट गोठलेले होते. पश्चिमेचा काठ उंच आणि रुंद होता, तिथं तिनं एकही बसवला नाही. "तळं किमान वीस वर्षं टिकेल," असं तिनं सहीनिशी लिहून दिलं. पाइपलाइन न्यायचं राहून गेलं. त्या मदतीतून दवाखान्याचं छप्पर झालं.

"मी तुला सांगितलं होतं, दीक्षा," मार्था म्हणाली. तिला गावच्या बैठकीला जायचं होतं. तिनं फोन ठेवला.

दीक्षानं लॅपटॉप उघडला आणि जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पानं काढली. ती ओळ सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिनं सही केली त्याच उन्हाळ्याच्या वहीत, तिच्याच अक्षरात होतं: 'मार्था म्हणते, पश्चिमेला बेरी वेचताना हल्ली पाय रुततो. पुढच्या वर्षी बघू.' पुढच्या वर्षाच्या वहीत त्याबद्दल काही नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही.

आईनं, सिंधूताईंनी, जेवायला वाढलं. दीक्षानं वरणभात कालवला आणि कालवतच राहिली.

"जेव ना वं," सिंधूताई म्हणाल्या. "कोणी मेलं का तिकडं?"

"नाही आई."

"मग?"

"मी सांगितलं होतं त्यांना, काही होत नाही म्हणून."

भैय्याजी आतून ऐकत होते. त्यांनी हाक मारली. ती गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

"खाणीत छत बसलं का चौकशी लागे," ते म्हणाले. "साहेब पहिले हेच विचारत, कोणी काही सांगतलं होतं का? दर वेळी कोणीतरी सांगतलेलंच राहे."

"मग काय होई?"

"काय होणार? ज्यानं ऐकलं नाही तो बहुतेक वेळा छताखालीच दबलेला राहे. त्याले विचारता येत नसे." ते तिच्याकडे बघत होते. "तुले विचारता येते."

त्या संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात तिचा सत्कार होता. वाचनालयाचे सचिव नत्थूजी पाच वाजता न्यायला आले. दीक्षानं त्यांना दारातच सांगितलं की आज जमणार नाही.

"अवं, दोनशे लोक बसून आहेत," नत्थूजी म्हणाले. "शाळेच्या पोरी आल्या हायेत. भिंतीवरच्या फोटोले हार घालणं झालं. आता काय सांगू मी त्याहिले?"

दोनशे हा आकडा ऐकून ती निघाली. साडी न नेसता, होती त्याच ड्रेसवर गेली.

नत्थूजींनी ओळख करून दिली. आपल्या वस्तीची मुलगी बर्फाच्या देशात माणसांचं पाणी वाचवते, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. दीक्षा माइकसमोर उभी राहिली. मग तिनं फोन उघडून तो फोटो पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात दिला.

"हे तळं काल सकाळपर्यंत भरलेलं होतं," ती म्हणाली. "मी लिहून दिलं होतं की वीस वर्षं टिकेल. तिथल्या बाईनं मला सांगितलं होतं की काठ मऊ झाला आहे. मी ऐकलं, वहीत लिहिलं आणि गेले नाही. मी गेले असते तरी तळं वाचलं नसतं. पण त्यांची पाइपलाइन वेळेवर झाली असती."

नत्थूजींच्या हातातली शाल हातातच राहिली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जात होता.

पहिल्या रांगेतल्या रुखमाबाई सत्तरीच्या होत्या. आयुष्यभर त्यांनी कळमन्याच्या बाजारात मिरच्या निवडल्या होत्या. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "मग आता ते लोक पाणी कुठून आणून राहिले?"

"सहा दिवसांचं आहे. मग विमानानं येईल."

"इमानानं? अन् बाळंतीण असली तर? म्हातारं माणूस?"

"माहीत नाही, मावशी."

"मग तू इथं काय करून राहिली?" रुखमाबाईंनी विचारलं. रागानं नाही, खरोखरच कळत नसल्यासारखं.

दीक्षा माइकपासून बाजूला झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शाल तशीच घडी घालून ठेवली गेली.

घरी आल्यावर तिनं तिकीट बदललं. भैय्याजींचा गुडघा सिंधूताईंनी आपल्याकडे घेतला. चौथ्या दिवशी ती त्या गावात होती.

काठावर उभी राहिल्यावर तिला फोटोपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. फक्त वास होता, कुजक्या शेवाळाचा, आणि डबक्यांत तडफडणारे शेवटचे मासे मुलं बादलीत भरत होती. मार्था येऊन तिचा दंड धरून उभी राहिली.

बैठक शाळेत झाली. दीक्षानं वहीचं ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं. एक म्हातारा उठून बाहेर गेला. एका तरुण आईनं विचारलं, "तुझ्या शब्दावर आम्ही पुन्हा का विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," दीक्षा म्हणाली.

गावानं तसंच ठरवलं. पाण्याचा सल्लागार म्हणून तिचं नाव काढून टाकलं. नव्या तळ्याची पाहणी मार्था आणि बेरी वेचणाऱ्या बायका करणार होत्या. तापमापक कुठं बसवायचे ते त्याच सांगणार होत्या. दीक्षा यंत्र उचलायला येऊ शकते, असं मार्था म्हणाली आणि त्यावर हात वर झाले. सगळे नाहीत, पण पुरेसे.

तिनं आपल्या चुकीवर सविस्तर लेख लिहून छापायला पाठवला. विद्यापीठातल्या दोघांनी तिला तो मागे घ्यायला सांगितलं. तिनं घेतला नाही.

त्या ऑगस्टमध्ये ती रोज सकाळी ड्रिल खांद्यावर घेऊन नव्या तळ्याच्या काठानं बायकांच्या मागून चालायची. त्या पुढं, पावलानं जमीन दाबत. मार्था थांबली की सगळ्या थांबायच्या.

"इथं," मार्था म्हणायची.

आणि दीक्षा गुडघ्यावर बसून भोक पाडायला सुरुवात करायची.