बेपत्ता माणसाचं सुतक

लढाई पेटली तेव्हा आमचं पोर्तुगाल तिच्यात नव्हतं, आणि 'आम्ही नाही त्यात' असंही लिस्बनवाले छातीठोकपणे म्हणत नव्हते. असं बरेच दिवस कुंपणावर बसून काढले. मग इंग्रजांच्या सांगण्यावरून आमच्या सरकारनं बंदरात अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली आणि जर्मनांनी आमच्यावर युद्ध पुकारलं. हे पाद्रीबाबांनी रविवारी समजावून सांगितलं. आईनं मधेच विचारलं, "म्हणजे भांडण कुणाचं?"

"आता आपलं," पाद्रीबाबा म्हणाले.

माझा दादा झेफेरिनो, ज्यानं जन्मात जर्मन पाहिला नव्हता, तो फ्रान्सला निघाला. बायकोला म्हणाला, "मका काढायला येतोच."

"कुठल्या वर्षीचा, तेवढं सांगा," बेलमिरा वहिनी म्हणाली. ती लाल रुमाल डोक्याला बांधून मळ्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली.

मग तिकडे फ्रान्सच्या फ्लँडर्स भागात धुक्यात आमच्या पलटणीची धूळधाण झाली. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बेपत्ता."

"पत्ता नाही कसा? फ्रान्स हा पत्ता नव्हे का?" आईनं त्याला झापलं.

"बाई, बेपत्ता म्हणजे मेला नाही. जिवंत आहे असंही नाही."

खरी पंचाईत इथून पुढे. आमच्याकडे नवरा गेला की बायको काळे कपडे घालते, मरेपर्यंत. बाबा गेल्यापासून आई काळ्यातच होती. पण बेपत्ता नवऱ्याचा रंग कुठला, ते कुणाला ठाऊक?

धुण्याच्या टाक्यावर फेलिस्मिनाकाकू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवरा चिखलात कुजतोय, आणि हिचा रुमाल बघा, जत्रेला निघाल्यासारखा!"

घरात आई वेगळंच बोलायची. "सूनबाई, काळं घातलंस तर माझ्या पोराला तूच मारलंस म्हणेन. एकदा चढलेला रंग उतरत नाही."

वहिनी रात्रंदिवस तेच मनात घोळवत बसायची. मला म्हणायची, "वन्स, काळं घातलं आणि ते जिवंत असले तर मी पापीण. नाही घातलं आणि ते मेलेले असले तरी पापीणच. मी करू तरी काय?"

शेवटी तिनं मोठ्या पातेल्यात घागरा काळा रंगवला. रुमाल मात्र लालच ठेवला. झालं! काळा घागरा बघून आईनं अबोला धरला आणि लाल रुमाल बघून टाक्यावरच्या बायकांनी. कधी नव्हे ते दोन्हीकडचं एकमत झालं.

नोव्हेंबरात चर्चच्या घंटा बडवल्या. आपण जिंकलो म्हणे. "काय जिंकलो?" आईनं विचारलं. घंटा वाजवणाऱ्यालाही सांगता येईना.

थंडी सरता सरता एका दुपारी दादा दारात उभा राहिला. जर्मनांच्या कैदेत होता. अंगावर कुणाचा तरी कोट, बाह्या बोटांवर लोंबताहेत. आईनं त्याचं तोंड चाचपलं, कान ओढले आणि मग रडायला लागली. वहिनीनं कोबीचं सूप वाढलं, मक्याची भाकरी मोडून दिली आणि हात घागऱ्याला पुसत उभी राहिली.

दादानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय? अर्धाच मेलो होतो का मी?"

मी हसले. वहिनी नाही हसली. "मला काय ठाऊक? सरकारलासुद्धा ठाऊक नव्हतं. कुणी काही सांगेल तर ना!"

"आणि मी मेलोच असतो, तर? लाल रुमालात?"

"मग पुरता काळा केला असता! तुम्ही तरी एक काहीतरी धड करायचं होतंत!"

तो भांड्यात बघत म्हणाला, "धुक्यात पुढं कोण, मागं कोण, कळतच नव्हतं. आमचे म्हणून ज्यांच्याकडे पळालो, ते जर्मन निघाले. त्यांनी मला पाव दिला."

रविवारी आई स्वतः पेटी उघडून वहिनीचा जुना निळा घागरा घेऊन आली. तिचा अबोला आपोआपच सुटला होता. "फेक ते काळं. गावाला दिसू दे, माझा लेक जिवंत आहे."

दादा पायात बूट चढवत होता. एक चढवला, दुसरा हातातच राहिला.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "थोडे दिवस असू दे काळा. अजून माझं मलाच नक्की वाटत नाही."

वहिनीच्या हातात निळा घागरा, अंगावर काळा. तिनं माझ्याकडे बघितलं. घंटा सुरू झाल्या होत्या, आणि चर्चला तर जायचंच होतं.