मनगटावरचं वय

"चेहरा बघून वय लावू नकोस गं. मनगट बघ."

आई हे ओठांत टाचण्या धरून सांगायची, आणि तरी एकही टाचणी खाली पडायची नाही. ती शिवणकाम करायची. गिऱ्हाईक वय चोरतं, केस रंगवतं, पोट आत ओढून उभं राहतं. पण बाहीचं माप घेताना मनगट हातात आलं की सगळं उघडं पडतं, असं तिचं म्हणणं. आई गेली, तिचं मशीन माझ्याकडे आलं आणि मशीनबरोबर तिच्या सूचनाही आल्या. ही सूचना तशी पडूनच होती. कामी आली ती एकदाच, पण अशी आली की विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा नवी करावी तसं माझं झालं.

माझा एक नेम आहे. सकाळी डोळा उघडल्यापासून देवापुढे दिवा लावून माळ पुरी होईपर्यंत मी एक शब्द बोलत नाही. दिवसभरात कुणाचं तरी काहीतरी फुकट शिवायचं, बटण का होईना. संध्याकाळी पुन्हा दिवा. शेजारणी आपल्या मुलींना माझं उदाहरण देतात. "बघा, काय ती भक्ती, काय ती शिस्त!" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि आमचे लिफ्टवाले. रोज तोच पेला, तोच टोस्ट, आधी उजवा बूट मग डावा, कामाच्या पिशवीत पाने-पकडी ठरलेल्या क्रमानेच. त्यांच्या या नेमाला मात्र लोक आजार म्हणतात. दोन्हींत फरक काय ते मला अजून कळलेलं नाही. देव भेटला तर विचारीन म्हणते.

लिफ्टवाले म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणारे मेकॅनिक. पहिल्यांदा आले तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा त्यांना बघून कंपनीत फोनच लावायला निघाले होते. "अहो, पोराला काय पाठवता? मोठ्या माणसाला पाठवा!" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "मीच मोठा आहे." आणि शाफ्टमध्ये उतरले. आजोबा पुढचा तासभर "बाळा, जपून रे, बाळा, जपून रे" करत वरून वाकून उभे. 

चेहराच तसा. गाल गुळगुळीत, कपाळावर रेघ नाही, पाठीला सॅक, चालताना थोड्या टाचा उचलून चालतात. कंपनीतले 'छोटू' म्हणतात. दवाखान्यात गेले तर "बरोबर कोण आलंय?" विचारतात. दुकानदार सुटे पैसे देताना "हरवू नको हं" म्हणतो.

लिफ्ट चालू करून वर आले, माझ्या उघड्या दारातून मशीन दिसलं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी विचारलं, "शर्टांची लेबलं काढून द्याल का? मानेला टोचतात. आणि शिवण बाहेरच्या बाजूला घ्याल? आतली शिवण मला दिवसभर ऐकू येते."

शिवण ऐकू येते! इतकी वर्षं मशीनवर बसले, पण शिवणीबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, मग नवाच शर्ट शिवू या. माप घ्यायला टेप काढली. त्यांनी आधी बजावलं, "हात लावण्याआधी सांगा." मी सांगितलं, मग मनगटाला टेप गुंडाळली. आणि टाचण्यांमधून बोलणारी आई माझ्या कानात इतकी स्पष्ट बोलली की मी दचकलेच. ते मनगट कॉलेजातल्या मुलाचं नव्हतं. दोऱ्यांसारख्या वर आलेल्या शिरा, हाडाजवळ सैल पडलेली कातडी, पांढरे दोन-चार केस. माझ्याच वयाचं, किंचित पुढचंच, कष्टाचं मनगट.

"चव्वेचाळीस?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाले, "बरोबर. आजवर कुणालाच ओळखता आलं नाही."

पुढे शर्ट झाले, मग विजारी झाल्या, मग काही शिवायचं उरलं नाही तरी ते येत राहिले. एक दिवस जिन्यात उभं राहून म्हणाले, "तुमच्याकडे आलं की माझ्या डोक्यातली खडखड थांबते. लिफ्ट मजल्याला बरोबर टेकते तशी. लग्न कराल का?" माझ्या हातून कात्री जिन्यावरून दोन मजले खाली गेली. ती आणायला म्हणून मी पळाले, आणि खाली जाऊन एकटीच हसत बसले. वर येऊन सांगितलं, "माझं हो आहे. पण आई-बाबांमागे दादानेच मला सांभाळलं. त्याचा होकार नसेल तर मी पाऊल उचलणार नाही, असं देवाला सांगितलंय."

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी त्यांना विचारीन. तुमची प्रार्थना झाल्यावर, आठ वाजता."

दादा आणि वहिनी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे येऊन राहिले. दादाला मी सगळं सांगितलं होतं: वय, काम, स्वभाव. फोटो तेवढा दाखवला नव्हता, कारण लिफ्टवाल्यांना फोटो काढून घेणं आवडत नाही. दादाने मनाशी एक ढेरपोटा, टक्कल पडलेला गृहस्थ उभा केला होता. रात्री जेवताना म्हणाला, "भारदस्त असला म्हणजे झालं."

आता दादाच्या मिशीबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यातली एकमेव इस्टेट ती. तिला वेगळं तेल, वेगळा कंगवा, वेगळा आरसा. वहिनी म्हणते, "सवत आणली असती तर तिलासुद्धा यांनी एवढं जपलं नसतं." त्या सकाळी ती मिशी आवरायला दादाने न्हाणीघर अडवलं ते अडवलंच. मला बोलायची सोय नाही, मी दारावर टकटक करायची, आतून दादा म्हणायचा, "झालंच, टोकं राहिलीत!" होता होता माझी अंघोळ लांबली, प्रार्थना लांबली, आणि माझी माळ निम्म्यावर असताना आठ वाजले.

आठाला बेल वाजली.

मी देवापुढे बसते तिथून दाराच्या फटीतून बाहेरची खोली जेमतेम हातभर दिसते. दार दादानेच उघडलं.

"काय रे बाळ? कोण पाहिजे?"

"तुमची बहीण."

"शिवायला टाकलंय का काही? आईने पाठवलं?"

"आई वारली. मी लग्नाचं विचारायला आलोय. तुम्हालाच विचारायचंय."

वहिनीच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

"तू?" दादा ओरडला. "अगं ए, बाहेर ये! हा कोण पोरगा काय बोलतोय बघ!"

"त्यांना हाक मारू नका," लिफ्टवाले म्हणाले. "माळ चालू असणार. मध्येच हाक मारली की त्यांना पहिल्यापासून धरावी लागते."

"ते मला शिकवतोस? तिचा भाऊ आहे मी!"

"मग तुम्हाला माहीत असेल."

मला आत हसू फुटलं. नेमात बोलायचं नाही एवढंच आहे, हसण्याबद्दल काही ठरलेलं नाही. तरी देवासमोर बरं दिसत नाही म्हणून मी हाताने तोंड दाबलं. आत्ता बाहेर गेले असते, दोन शब्द बोलले असते तर सगळं निभावलं असतं. आणि बोलता तर येत नव्हतं!

"बाळा, वय काय तुझं?" वहिनीने गोड आवाजात विचारलं.

"चव्वेचाळीस पूर्ण."

दादा हसला. अगदी खदाखदा. "चव्वेचाळीस! अरे, तू चव्वेचाळीस असशील ना, तर ही मिशी उतरवीन! आज, इथल्या इथे! शब्द आहे माझा!"

"बरं," लिफ्टवाले म्हणाले. "आधी बूट काढतो. वेळ लागेल."

ते आत येऊन खुर्चीवर बसले. आता फटीतून मला त्यांचे फक्त हात दिसत होते, गुडघ्यांवर ठेवलेले. अंगठा बोटांवरून एकेक करून फिरत होता. आतून घाबरले की ते असं करतात.

दादाचा सूर उतरला. "हे बघ पोरा, मस्करी पुरे. माझी बहीण साधी आहे. देवभोळी आहे. मोठ्याने बोलायचीही सवय नाही तिला. तिला कुणी फसवलेलं मला चालणार नाही."

"मलाही चालणार नाही."

"मग वयाचं खोटं कशाला?"

"खोटं नाही. त्यांनी मनगटावरून ओळखलं होतं. तुम्हीही बघा." हात पुढे झाले. "फक्त धरण्याआधी सांगा. अचानक धरलेलं मला सोसत नाही."

मनगट म्हटल्यावर दादा पुढे सरकला. आईची सूचना त्याच्याही कानावरून शंभरदा गेलेली. लहानपणी तो टेपच्या दुसऱ्या टोकाला उभा असायचा. "धरतो हं," तो हळूच म्हणाला, आणि फटीच्या हातभर जागेत माझ्या दादाचा केसाळ पंजा आला, त्याने ते मनगट अलगद धरलं, उजेडाकडे वळवलं. अंगठा शिरांवरून फिरला, हाडाजवळच्या सैल कातडीवर थांबला, केबलने कापल्याच्या जुन्या, पांढऱ्या पडलेल्या व्रणावर थांबला. शेजारी त्याचं स्वतःचं मनगट होतं. दोन्ही अगदी एका वर्गात बसलेल्या मुलांसारखी दिसत होती.

तेवढ्यात लिफ्टवाल्यांनी घड्याळ बघायला दुसऱ्या हाताने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला.

"अगं बाई!" वहिनी किंचाळलीच. "चाळिशी तर खिशातच घेऊन फिरतायत!"

दादाने हात सोडला. "पण मग... हे असं कसं? चेहरा?"

"माहीत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना असं म्हणतात. मला ऑटिझम आहे. स्वमग्न म्हणतात. पण मी स्वतःत मग्न नसतो, बहुतेक वेळा लिफ्टमध्ये असतो."

वहिनी म्हणाली, "मला विचाराल तर जन्मात कुणाला बघून खोटं हसले नसतील. आमच्या सुरकुत्या सगळ्या पाहुण्यांनी पाडल्यात!"

"तू थांब गं जरा." दादाचा आवाज पुन्हा जड झाला. "म्हणजे आजार आहे. लग्न म्हणजे काय ते कळतं का तुला? संसार असतो तो. लहान पोराचं काम नाही."

माझा मणी बोटांत अडकला. नेम मोडावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते त्या क्षणी. पण ओळखीच्या आवाजात उत्तर आलं.

"लहान आहे असं मला रोज कुणीतरी सांगतं. मी रोज दुरुस्त करतो; लिफ्टही रोज बिघडतेच. लग्नाचं सगळं कळत नाही. एवढं कळतं की त्या सकाळी बोलत नाहीत आणि मलाही सकाळी बोलायला नको वाटतं. त्या ठरलेलं मोडत नाहीत. मीही नाही. त्यांच्या घरात मला शिवण ऐकू येत नाही. तुम्ही लग्न केलंत तेव्हा तुम्हाला काय काय कळत होतं?"

"यांना?" वहिनी म्हणाली. "मंडपात मला सोडून माझ्या बहिणीशेजारी जाऊन बसले होते!"

दादा फिस्सकन हसला. हसताहसता खोकला. माझा शेवटचा मणी सुटला, मी देवाला नमस्कार केला आणि बाहेर आले. सगळे माझ्याकडे बघत होते. काय काय बोलायचं योजलं होतं! तोंडातून निघालं, "चहा टाकू?"

"टाक," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "साखर जास्त घाल. यांना... तुम्हाला साखर किती लागते हो?"

'तुम्हाला.' आत्तापर्यंतचं 'तू' गेलं होतं. "माझा होकार आहे," दादा पुढे म्हणाला. "तुम्ही दोघं सुखी व्हा." वहिनीने मला मिठी मारली, आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या जागच्या जागी उड्या मारायला लागलो. नणंद-भावजयीचं मिळून शंभरीकडे चाललेलं वय!

लिफ्टवाले मात्र तसेच बसून होते. "साखर नको," ते म्हणाले. "आणि मिशी?"

"हं?"

"उतरवीन म्हणालात. आज, इथल्या इथे."

दादाचा हात आपोआप मिशीवर गेला. "अहो, ती बोलायची पद्धत असते! कुणी खरंच का..."

"शब्द आहे म्हणालात." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, एखादी दोरी किती वजन पेलेल हे बघतात तसे ते बघत होते. "ती बोलायची पद्धत असेल, तर होकार काय आहे? त्यांनी देवाला सांगितलंय, तुमचा होकार पाहिजे. मला तो खरा हवाय."

वहिनीच्या उड्या थांबल्या. चहाचं आधण ठेवायला घेतलेलं पातेलं माझ्या हातातच राहिलं. त्यांचा अंगठा पुन्हा बोटांवरून फिरू लागला होता. कुणी म्हटलं असतं, झालं, हातातोंडाशी आलेला घास घालवला या माणसाने. पण मी त्यांची बाजू घेतली नाही की दादाची समजूत काढली नाही. नेम संपला होता तरी गप्पच राहिले. त्यांचं म्हणणं खरं होतं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या मनगटाकडे. मग मिशीची दोन्ही टोकं एकदा, शेवटची, पिळून सरळ केली.

"दोरीवरचा टॉवेल दे गं," तो वहिनीला हळूच म्हणाला, आणि उठून न्हाणीघराकडे निघाला.

मी चहा बाजूला ठेवला आणि गॅसवर दाढीचं पाणी तापायला ठेवलं.