धोंडाबाईच्या श्वासाला ओल देणारा डबा

ए मित्रा, बस इथं! मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. मी एक जुना तांब्याचा डबा आहे. पातेल्याएवढा, घट्ट झाकणाचा, अंगाला दोन तोट्या. पण माझ्यात कधी आमटी शिजली नाही बरं का! मी माणसाचा श्वास ओला करायचो. खरंच!

सन त्रेसष्टची गोष्ट. पौडच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला मुद्दाम बनवून घेतलं. कासार आंबोली गावच्या भैरू कल्हईवाल्यानं माझे सांधे जोडले आणि आतून अशी कल्हई केली, की डॉक्टरांनी माझ्यात बघून भांग पाडला! आणि महिन्याभरात भैरूचीच बायको धोंडाबाई तिथं आली. आतड्याला पीळ पडलेला. ऑपरेशन झालं, पण श्वास पुरेना. मग गळ्यात नळी घातली, नळीला हाताचा भाता जोडला आणि मधे मी. पोटात गरम पाणी, खाली स्पिरिटचा बारीक दिवा. अरे, आपलं नाक हवा ओली करतं ना? इथं नाकच वगळलेलं! कोरडी हवा गेली की कफ सुकणार, नळी बुजणार, माणूस संपणार. म्हणजे धोंडाबाईचं नाक मीच!

भाता कोण मारत होतं, माहितीय? भैरू! "जल्मभर भाताच मारलाय, सिस्टर. ह्यो हात न्हाई थकायचा."

सकाळी सिस्टर चंद्राबाईंनी माझ्या नळ्या सोडून मला भरलं आणि त्या धोंडाबाईच्या नळीतला कफ काढायला वळल्या. भैरूचं सगळं ध्यान बायकोकडं. तेवढ्यात त्याची आई गोजराबाई पुटपुटली, "ऊब ऱ्हाऊ दे, पर ही ओल कशापायी? पडसं व्हईल माज्या सुनंला." आणि मला मोरीत रिकामं केलं, पदरानं कोरडं पुसलं, झाकण लावून परत दिव्यावर! मी ओरडणार कसा?

तासाभरानं भैरू म्हणाला, "सिस्टर, भाता जड लागतोय." मग त्यानं हवा हुंगली. "आन् ह्यो वास... कल्हई तापलीय! डबा कोरडा हाय!"

चंद्राबाई धावल्या. नळीत डिंकासारखा कफ! त्यांनी तो ओढून काढला, मला भरलं. धोंडाबाईचे निळे ओठ हळूहळू पालटले.

"गळका डबा! भंगारात टाका," चंद्राबाई कडाडल्या.

भैरूचं तोंड उतरलं. "सांधं मीच जोडलं हुतं. चूक माजी."

गोजराबाई भिंतीला टेकून उभी. पाणी ओतताना तिला कुणीच पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं. पण ती भिंत सोडून पुढं आली. म्हणाली, "न्हाई गं बाई. डबा गळत न्हाई. पानी मीच मोरीत ओतलं."

चंद्राबाईंनी तिच्या हातात किटली दिली. "मग आता पाणी तुम्हीच बघायचं, आजी."

आणि बघितलं तिनं! घटकेघटकेला झाकणापाशी. चौथ्या दिवशी नळी निघाली, धोंडाबाई स्वतःच्या नाकानं श्वास घेत घरी गेली. भंगारात कसला जातोय मी! पुढं कितीजणांना ओली हवा दिली.

पण मित्रा, खरं सांग. सून वाचलेली, बघणारं कुणी नाही, आणि आळ एका मुक्या डब्यावर. गोजराबाईच्या जागी तू असतास, तर बोलला असतास?